पारावरचे नाटक

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गावोगावी होणाऱ्या पथनाट्याला रंगमंच लागत नाही. मारुतीच्या देवळासमोरचा पार, ग्रामपंचायतीपुढची मोकळी जागा किंवा आठवडी बाजाराचा कोपरा त्याला पुरतो. सहा ते दहा कलावंत, एक हलगी, एक ढोलकी आणि एका पिशवीत मावेल एवढे साहित्य: मुकादमाचा फेटा, भटजीची उपरणी, पोरीसाठी शाळेचे दप्तर. प्रयोग पंधरा-वीस मिनिटांचा असतो. विषय बहुधा शौचालय, व्यसन, अंधश्रद्धा, पाण्याची बचत किंवा बालविवाह.

या कामाची महाराष्ट्रातली मुळे जुनी आहेत. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन शेतकऱ्याच्या पिळवणुकीवर बोट ठेवले. 1930 नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944चे. नांदेड-लातूर ज्यात येतात तो मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे या चळवळींच्या मुख्य क्षेत्राबाहेर होता. तरी गोलात उभे राहून बघायची सवय इथल्या माणसाला कुणी शिकवावी लागली नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात, माहूरला रेणुकेचे गोंधळी आणि आराधी असतात, किनवटच्या डोंगरात गोंड-कोलामांची दंडार चालते. नव्वदच्या दशकात साक्षरता मोहीम आली. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने रुजवलेला कलाजथ्याचा प्रकार 1990च्या भारत ज्ञान विज्ञान जथ्यातून देशभर गेला होता, त्यामुळे गाणी आणि छोटी नाटके हे मोहिमेचे नेहमीचे साधन झाले.

आज हे काम मुख्यतः तीन वाटांनी चालते. जिल्हा माहिती कार्यालयाच्या निवडसूचीतली पथके सरकारी योजनांचा प्रचार करतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली मुले राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दत्तक गावी नाटक करतात. तिसरी वाट चळवळींची. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली उभे केलेले रिंगणनाट्य हे तिचे ठळक उदाहरण.

बालविवाहाचा प्रयोग जवळून पाहिला की या कामाची रीत कळते. आधी हलगी गल्लीबोळातून फिरते. पोरे सर्वांत पुढे बसतात, पुरुष मागे उभे राहतात आणि बाया ओट्यावरून किंवा दाराआडून पाहतात. सुरुवातीला बतावणी असते, कारण हसलेला माणूस जागा सोडत नाही. भाषा पुस्तकी असून चालत नाही. ‘काय करलालास?’ असे नटाने विचारले की तो आपल्यातला ठरतो. देगलूर-बिलोलीकडे एखादा तेलुगू शब्द, उदगीर-निलंग्याकडे कानडी शब्द हमखास टाळी घेतो.

मग बाप येतो. त्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली आहे. दसरा झाला की नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून साखर कारखान्याच्या टोळीत जायचे आहे. घरी नववीतली मुलगी. ‘पोरीला कुणापाशी ठेवून जावं?’ असे तो विचारतो तेव्हा पुरुषांच्या घोळक्यातली कुजबुज थांबते. इथे बापाला दुष्ट दाखवणारे नाटक फसते, कारण पाहणाऱ्यांत असे बाप पुष्कळ असतात. चांगले पथक त्याची अडचण खरी मानते आणि मग मुलीला बोलू देते.

शेवटी कायदा येतो: मुलगी 18, मुलगा 21, गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, मदतीसाठी 1098. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि अनेकदा तो त्याच गर्दीत उभा असतो. नटाने त्याच्याकडे हात केला की गावाला ही गोष्ट पहिल्यांदाच कळते. काही वेळा खुद्द ग्रामसेवकालाही अवघडायला होते.

प्रयोगानंतरचा अर्धा तास सर्वांत मोलाचा, पण पैसे मिळतात ते प्रयोगाचे. सरपंचाच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र आणि फोटो घेतले की पथकाला पुढचे गाव गाठायचे असते. चर्चेला वेळ उरत नाही, आणि बाया तर चर्चेपर्यंत ओट्यावरून खाली उतरलेल्याही नसतात. गावाचा सहभाग अपुरा राहण्याची अडचण आफ्रिकेतही नोंदली गेली. बोट्स्वानातल्या ‘लेद्झा बाटनानी’ या 1974च्या मोहिमेत नाटकानंतर चर्चा होत असे, तरी विषय बाहेरून ठरतात आणि गाव फक्त ऐकते, ही टीका मोहिमेत काम केलेल्यांनीच पुढे केली. लेसोथोत झेक्स म्डा यांच्या मारोथोली नाट्यपथकाने गावकऱ्यांनाच नाटकात उतरवले. त्या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक 1993 साली आले. केनियात कामिरीथू गावच्या शेतकरी-कामगारांनी 1977 साली गिकुयू भाषेतले नाटक स्वतः उभे केले, तेव्हा सरकारने ते बंद पाडले आणि लेखक न्गुगी वा थिओंगो यांना स्थानबद्ध केले. गाव स्वतःचे नाटक करू लागले की ते शासनाच्या प्रचाराला सोयीचे राहत नाही, हे त्यातून दिसते.

नांदेड-लातूरकडे प्रेक्षकाला नाटकात ओढणे क्वचितच घडते. शिबिरातली मुले कधी खेळ मधेच थांबवून ‘आता या बापानं काय करावं?’ असे विचारतात. उत्तरे ठरलेली येत नाहीत. आजीकडे ठेवा, वसतिगृहात घाला असे कुणी म्हणते, तर वसतिगृहाची जागा भरली म्हणून कुणी तक्रार करते. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे, पण ती आपल्या गावात का नाही, हा प्रश्न इथे निघतो. त्याचे उत्तर नटांकडे नसते. ते पंचायत समितीत मागावे लागते, आणि पथक निघून गेल्यावर पाठपुरावा करायला अंगणवाडी सेविका किंवा आशाताई एवढीच माणसे गावात उरतात.

वेळापत्रकाचीही अडचण आहे. सरकारी प्रयोगांची गर्दी निधी संपवायच्या घाईने फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तेव्हा ऊसतोडीला गेलेली कुटुंबे बहुधा कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये असतात. ज्यांच्यासाठी नाटक बसवले तेच पारासमोर नसतात. ती कुटुंबे परततात तेव्हा लग्नसराई ऐन भरात असते आणि अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली असते. दसऱ्याच्या आधी, उचल वाटली जाते त्या दिवसांत केलेला प्रयोग याहून उपयोगी पडतो. मात्र ते दिवस सोयाबीनच्या काढणीचेही असतात, म्हणून त्या हंगामात नाटकाला रात्रीचीच वेळ धरावी लागते.