केबलविना टीव्ही (लेखांक ५) : जव्हार-मोखाड्यात छत्री आणि पेनड्राइव्ह

मागच्या लेखांकात आपण वसई-विरारच्या घराचा हिशेब केला. फायबरचे वायफाय असेल तर केबल बंद करून फायर टीव्ही स्टिकवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर कसे भागते, ते पाहिले. त्याच पालघर जिल्ह्यात विक्रमगडवरून घाट चढून जव्हार-मोखाड्याला गेले की तो हिशेब कोलमडतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांवरच्या दहा-पंधरा घरांसाठी तार ओढत नेणे केबलवाल्याला परवडत नाही. पाड्यावर टीव्ही पोचतो तो छपरावरच्या छत्रीतून.

या छत्र्यांत सगळ्यात उपयोगाची दूरदर्शनची मोफत डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याचे काही भरायचे नाही. जव्हार-मोखाड्यासाठी हे फार मोलाचे आहे. दिवाळी उरकली की इथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. जे घर वर्षातले काही महिने कुलूपबंद असते, त्याने दरमहा रिचार्ज का भरावा? फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या नियमांनुसार शंभर वाहिन्यांच्या जोडणीलाच १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा ठरली होती, पैसे मोजून पाहायच्या वाहिन्यांचे वेगळे. बंद घरासाठी एवढा खर्चही जास्तच आहे. मोफत डिशचा बॉक्स मात्र कुटुंबाबरोबर भट्टीवरही नेता येतो.

उणीव एकच, वाहिन्या कायमच्या नसतात. खासगी वाहिन्यांना लिलावात जागा घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून चार मोठ्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम काढून घेतल्या होत्या. दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री मात्र हक्काची. नवा बॉक्स घेताना एमपेग-४ चाच मागा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत.

छत्री लावताना डोंगराची धास्ती नको. उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला विषुववृत्तावर आहे. जव्हारहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर दिसतो. इतक्या वरच्या नजरेला समोरची टेकडी आड येत नाही, अंगणातला आंबा किंवा मोह येतो. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला भिंतीचा आडोसा मिळेल अशी जागा धरा. एवढे करूनही मुसळधार पावसात चित्र जाणारच. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येते. घाईघाईने छपरावर चढून छत्री हलवू नका.

आता रेकॉर्डिंग. या भागात त्याची गरज शहरापेक्षा जास्त आहे, आणि नेमके तेच कमी वापरले जाते. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. चांगला उपक्रम, पण प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. जुलै म्हणजे भाताच्या आवणीचे दिवस. घरची मोठी माणसे चिखलात, हाताशी आलेली मुलेही त्यांच्याबरोबर, त्यात लाइट जायची. पाठ हुकला तर तो पुन्हा पाहायचा कसा? तीस-चाळीस घरांच्या पाड्यावर एका घरी जरी रेकॉर्डिंग झाले असते, तरी संध्याकाळी सगळ्या मुलांना तो पाठ बघता आला असता. आज ‘पीएम ई-विद्या’च्या शैक्षणिक वाहिन्या याच मोफत डिशवर आहेत, म्हणून हे अजूनही करण्यासारखे आहे.

बऱ्याच स्वस्त बॉक्सना यूएसबीचे भोक असते. त्यात पेनड्राइव्ह घाला आणि रिमोटवरचे लाल बटण दाबा, किंवा आधीच वेळ लावून ठेवा. साध्या वाहिनीचा एक तास सुमारे एक ते दीड जीबीत बसतो, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर वीसेक तास. रेकॉर्डिंग चालू असताना त्याच ट्रान्सपाँडरवरची, म्हणजे उपग्रहाच्या त्याच लहरपट्ट्यावरून येणारी, दुसरी वाहिनी पाहता येते, बाकीच्या नाही. टीव्ही बंद ठेवला तरी चालतो. बॉक्सला दहा वॅटच्या आसपास वीज लागते आणि अनेक बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो, म्हणून सौर पॅनेलवर भरलेल्या छोट्या बॅटरीवर लाइट नसतानाही रेकॉर्डिंग होते. मात्र व्होल्टेज आणि तारेची दिशा जाणकाराकडून तपासून घ्या. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. मोफत वाहिन्यांचे सहसा फोनवर किंवा संगणकावरही चालते. त्याच पेनड्राइव्हवर बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाचे किंवा तारपा नाचाचे फोनवर घेतलेले व्हिडिओ घातले, तर पुष्कळ बॉक्स तेही दाखवतात. मोखाड्याचा बोहाडा घरच्या टीव्हीवर पुन्हा पाहायला म्हातारी माणसे किती आनंदाने बसतील!

स्ट्रीमिंगचे थोडक्यात. ४८० रेषांच्या चित्राला तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागतो, म्हणजे रोजच्या दीड जीबीत फोनच्या हॉटस्पॉटवर दोन-तीन तास. तेही रेंज नीट असेल तर. स्टिकला एचडीएमआय लागतो. जुन्या डब्ब्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा कन्व्हर्टर जोडावा लागतो, मोफत डिशच्या बॉक्सला मात्र या पिना सहसा असतातच. प्रसारभारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावरही दिसतात. जव्हार शहरात चांगले ब्रॉडबँड असेल तर स्टिक जरूर घ्या. पाड्यावर पहिला पैसा रेकॉर्डिंगच्या बॉक्सवर आणि चांगल्या पेनड्राइव्हवर घाला, स्टिकचा विचार नंतर.

पुढच्या लेखांकात : शाळेतल्या एका टीव्हीवर रेकॉर्ड केलेल्या पाठांचा संग्रह कसा जमवायचा, आणि फाइलींना नावे कशी द्यायची.