गल्लीतली मेटाडोर उचलायची कोणी?

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना तेच तेच आलेलं तेवढं काढून टाकलंय.

अकोटहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या गल्लीत चार वर्षांपासून एक मेटाडोर उभी आहे. टायर मातीत बसलेत, टपावर पावसाचं पाणी साचतं, आत मांजरीनं पिल्लं घातलीत. गेल्या महिन्यात रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, तर ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली. स्ट्रेचर हातानं आणावं लागलं. सासरे आता बरे आहेत. पण मालकाकडे विषय काढला की एकच उत्तर: "रस्ता काय तुमच्या सातबाऱ्यावर हाये?"

खरं सांगू, तो प्रश्न दोन्ही बाजूंना लागू पडतो. रस्ता ताईंच्या सातबाऱ्यावर नाही, तसा त्याच्याही नाही. दारासमोरची जागा आपली, हा समज आपल्याकडे पक्का आहे. गाडी नसलेला माणूसही तिथं दगड मांडतो, ड्रम ठेवतो, ओटा फूटभर पुढं काढतो. तक्रार करायला जाण्याआधी आपला ओटा कुठवर आलाय, ते एकदा बघून घ्या. नगर परिषदेचा माणूस आला तर तो फक्त मेटाडोर बघून जाणार नाही.

आता कायद्याकडे येऊ. ताईंना वाटत होतं की यावर नियमच नाही. आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ टाकून दिलेली, बेवारस उभी असलेली गाडी टोइंग करून हलवायची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडकी, जळालेली किंवा सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर लगेच हलवता येते. खर्च मालकाच्या माथी, वर दंड वेगळा. आणि सार्वजनिक जागा म्हणजे फक्त हमरस्ता नाही. जिथं लोकांना जायचा-यायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, म्हणजे गल्लीही आली.

दहा तास शब्दशः घेतले तर रात्री दारात लावलेली निम्म्या गावाची गाडी यात सापडेल. तसं कोणी करत नाही, करूही नये. शेजाऱ्याची चालती गाडी आणि मातीत रुतलेला सांगाडा यातला फरक अर्जात दिसला पाहिजे.

मग चार वर्षं गाडी हलली का नाही? कारण कायदा म्हणतो "देऊ शकतो", "दिलीच पाहिजे" म्हणत नाही. उचललेली गाडी ठेवायची कुठं, हाही प्रश्न असतो. जप्तीच्या गाड्या ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावलं होतं. तरी कुठल्याही ठाण्याच्या मागं डोकावून बघा.

म्हणून तोंडी सांगून भागत नाही. ठाणेदारांच्या नावे लेखी अर्ज करा, प्रत नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना. त्यात गाडीचा नंबर, कधीपासून उभी आहे, रस्ता किती उरतो ते टेपनं मोजून, आणि तारखेसह फोटो. ॲम्ब्युलन्स अडली ती तारीख नक्की लिहा. डासांचंही लिहा, डेंग्यूच्या डासाला टायरमधलं वाटीभर पाणी पुरतं. गल्लीतल्या पाच-सात जणांच्या सह्या घ्या, म्हणजे एकाच घराशी वैर होत नाही. आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

तरी हललं नाही तर पुढची पायरी अकोटातच आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा दूर करायचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी काढू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याच १३३ च्या जोरावर मध्य प्रदेशातल्या रतलामचे रहिवासी गटारांसाठी आपल्याच नगरपालिकेविरुद्ध लढले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पैसे नाहीत, ही सबब न्यायालयानं ऐकली नाही.

एक मात्र करू नका. हवा सोडणं, काच फोडणं, पोट्ट्यांना सांगून गाडी ढकलून देणं. मग तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. ताईंनी नंतर कळवलं की गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले, भावाभावांत वाद आहे. भंगारवाला कागद मागतो, कागद बापाच्या नावानं. अशा बऱ्याच गाड्या हट्टानं नाही, तर कागदापायी उभ्या असतात. त्यांनी आधी अकोल्याच्या आरटीओत वारसाची नोंद करावी. मग गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात देऊन कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्यावी. नुसती भंगारात विकली तर कागदोपत्री गाडी वडिलांच्याच नावानं चालू राहते. अर्जाआधी हे त्या घरी जाऊन सांगितलं, तर कदाचित अर्जच लागणार नाही.

ताईंनी शेवटी विचारलं होतं, मांजरीच्या पिल्लांचं काय करायचं? कागद फिरेपर्यंत ती आपली आपण चालायला लागतील, ताई.