घरच्या संगणकावर भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण : लिनक्सचा प्रामाणिक मार्ग



हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागांचे गाव. अशा गावात एखाद्या कुटुंबाने वा गायनवृंदाने घरच्या घरी भक्तिगीते ध्वनिमुद्रित करण्याचे मनात आणले, तर दोन अडचणी समोर येतात. पहिली अडचण मागांच्या खडखडाटाची. ती कानांना लगेच कळते. दुसरी अडचण संगणकात कोणती प्रणाली वापरावी याची. ती कानांना नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीला कळावी लागते. प्रस्तुत लेखात आम्ही या दोन्हींचा विचार करणार आहोत.

प्रश्न केवळ पैशाचा नाही

ध्वनिमुद्रणाची व्यावसायिक सॉफ्टवेअरे महाग असतात. त्यामुळे कोणीतरी पेनड्राइव्हमधून चोरटी प्रत आणून देतो आणि तिच्यावर काम सुरू होते. यात कोणाचे काही बिघडत नाही, असे पुष्कळांना वाटते. परंतु दुसऱ्याच्या श्रमाचे फळ त्याच्या संमतीविना घेणे हे सातव्या आज्ञेचे उल्लंघनच होय. वस्तू डोळ्यांना दिसत नाही एवढ्याने चोरी सौम्य होत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ६३-ब नुसार, संगणक आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. प्रभूचे स्तुतिगीत ज्या साधनाने मुद्रित करावयाचे, ते साधनही निर्दोष असावे, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.

सुदैवाने या पेचातून बाहेर पडण्याचा एक सरळ मार्ग उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. या दोहोंच्या संयोगातून जी संगणक-प्रणाली उभी राहिली, तिला आपण सामान्यतः लिनक्स म्हणतो. तिचा परवाना वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये देतो : ती कोणत्याही कामासाठी चालविणे, तिची रचना अभ्यासणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारित आवृत्ती वाटणे. म्हणून तिला केवळ फुकट न म्हणता मुक्त म्हणणे योग्य ठरेल. येथे शेजाऱ्याला प्रत देणे हा अपराध नसून परवान्यानेच मान्य केलेला परोपकार आहे.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर रीतसर चालत नाही. असे धडधाकट संगणक भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स घालून ते पुढे अनेक वर्षे वापरता येतात.

तयारी आणि स्थापना

ध्वनिमुद्रणासाठी खास सिद्ध केलेली उबुंटू स्टुडिओ ही लिनक्सची आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे. ध्वनीच्या कामाला लागणारी बहुतेक साधने तिच्यात आधीच जुळवून ठेवलेली असतात. संगणकात ८ जीबी रॅम व एसएसडी असल्यास काम सुखाने होते. रॅम ४ जीबीच असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी व तीवर ऑडॅसिटीसारखे एखादे साधेच साधन वापरावे. दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्तीच निवडावी.

स्थापनेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. संगणकातील छायाचित्रे, कागदपत्रे व पूर्वीची ध्वनिमुद्रणे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती तेथून उघडतात याची खात्री करावी.

२. लिनक्सची प्रत अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी व रूफस किंवा बलेना एचर या साधनाने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. त्या पेनड्राइव्हवरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो, हे लक्षात असू द्यावे.

३. संगणक सुरू होताना बूट मेनू उघडून पेनड्राइव्ह निवडावा. कंपनीनुसार यासाठी एफ १२, एफ ९ वा एस्केप अशी निरनिराळी कळ असते.

४. लगेच स्थापना न करता प्रथम पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. आवाज येतो का, माइक चालतो का, वायफाय जुळते का, हे संगणकातील काहीही न बदलता कळते.

५. सर्व ठीक वाटल्यावरच स्थापना करावी. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ आणि ‘जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवा’ हे दोन पर्याय समोर येतात. पहिला पर्याय निवडल्यास जुने सर्व काही जाते. नवख्याने दुसरा पर्याय घेणे हिताचे.

आवाजाचा प्रवास

माइकमध्ये शिरलेला सूर संगणकातून फिरून हेडफोनमध्ये परत येईपर्यंत त्याला तीन टप्पे पार करावे लागतात. अल्सा ही लिनक्सच्या गाभ्यातील व्यवस्था ध्वनियंत्राशी बोलते. त्यावर पाइपवायर ही व्यवस्था निरनिराळ्या साधनांमध्ये आवाजाची वाटणी करते. पूर्वी हे काम व्यावसायिक ध्वनिमुद्रणासाठी जॅक आणि सामान्य वापरासाठी पल्सऑडिओ अशा दोन वेगळ्या व्यवस्था करीत असत व त्यांचा मेळ घालताना नवखा मनुष्य थकून जाई. पाइपवायरने ही दोन्ही कामे एकत्र आणली आहेत. सर्वांत वर आर्डर किंवा ऑडॅसिटी यांसारखे मुद्रणाचे साधन असते.

या प्रवासाला लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे बांधून ते पुढे पाठवीत असतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल आणि सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर एक गठ्ठा भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. १,०२४ नमुन्यांच्या गठ्ठ्यास सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. जाण्यायेण्याचा हिशेब धरता हा विलंब किमान दुप्पट होतो आणि गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटू लागतो.

मग गठ्ठा शक्य तितका लहान का ठेवू नये? याचे उत्तर कबनूरच्या वाचकांना मागाच्या उदाहरणाने पटेल. धोटा ठरलेल्या क्षणी पलीकडे पोहोचला नाही, तर विणीत दोष येतो. तसेच संगणकाला गठ्ठा वेळेत पोहोचविता आला नाही, तर ध्वनिमुद्रणात ‘टक्’ असा आवाज येतो. त्याला एक्सरन म्हणतात. म्हणून गाताना १२८ किंवा २५६ नमुने ठेवावेत. पुढे संपादन व मिश्रण करताना १,०२४ ठेवावेत, कारण तेव्हा विलंबाने काही अडत नाही. टकटक ऐकू येऊ लागली, तर गठ्ठा एक पायरी मोठा करावा, ब्राउझर बंद करावा आणि वायफाय काही काळ थांबवावे. उबुंटू स्टुडिओमध्ये ध्वनीच्या कामाला अग्रक्रम देण्याची सोय केलेलीच असते. अन्य आवृत्तींत मात्र वापरकर्त्याचे नाव ‘ऑडिओ’ गटात घालून ती करून घ्यावी लागते.

माइक, माग आणि गोधडी

संगणकाच्या मूळ माइक-छिद्रावर विसंबून राहू नये. काही हजार रुपयांत मिळणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. मात्र तो ‘यूएसबी क्लास कंप्लायंट’ आहे याची खरेदीपूर्वी खातरजमा करावी. असे यंत्र वेगळ्या ड्रायव्हरशिवाय लिनक्सवर चालते.

माइकच्या निवडीत येथील परिस्थितीचा विचार हवा. ४८ व्होल्ट वीज लागणारा कंडेन्सर माइक शांत खोलीत उत्तम काम करतो, परंतु तो दूरचा मागही टिपतो. गोंगाटाच्या वस्तीत डायनॅमिक माइक चार-सहा बोटांवर धरून गाणे श्रेयस्कर. सिमेंटच्या उघड्या भिंतींवरून आवाज घुमतो, त्यासाठी गाणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात. मागांची थरथर जमिनीतूनही येते. म्हणून माइकच्या स्टँडखाली घडी घातलेले घोंगडे ठेवावे आणि नंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाकावा.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. पंख्याची एकसुरी घरघर ऑडॅसिटीमधील गोंगाट कमी करण्याच्या सोयीने बरीच निवळते. मागाचा आवाज मात्र ठोक्याठोक्याचा असतो. तो पुसू गेल्यास गाणाऱ्याचा आवाजही खरडला जातो. म्हणून माग थांबलेले असतील तीच वेळ मुद्रणासाठी गाठणे, हाच खरा उपाय. सतत बारीक गुणगुण येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर घराच्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी.

एका भजनाचे मुद्रण

समजा, पेटी, तबला, तानपुरा व दोन आवाज असे एक भजन मुद्रित करावयाचे आहे. पेटीचे सूर बदलता येत नाहीत, म्हणून तानपुरा व तबला पेटीशी जुळवून घ्यावा. आर्डरमध्ये लयीची टिकटिक ठेवून आधी पेटी, मग तबला आणि शेवटी आवाज असे एकेक मुद्रण करावे. या वेळी आधीचे वादन हेडफोनवरच ऐकावे. स्पीकर चालू ठेवल्यास तो आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाने करावे आणि पातळी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राखावी. सूर शून्याच्या वर गेला, तर तो कायमचा फाटतो. या मापाने एका माइकच्या मिनिटभर मुद्रणास सुमारे ८.६ एमबी जागा लागते. पाच मिनिटांच्या व पाच पट्ट्यांच्या भजनास सुमारे २१६ एमबी लागतील. मूळ पट्ट्यांची दुसरी प्रत अन्यत्र जपून ठेवावी.

आर्डरची तयार प्रत त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मूल्य देऊन मिळते, तर लिनक्सच्या भांडारातून ती विनामूल्य घेता येते. दोन्ही मार्ग वैध आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी या कारागिरांना यथाशक्ति देणगी द्यावी.

लिनक्सच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विंडोजसाठी बनविलेले काही वाद्यध्वनींचे संच त्यावर चालत नाहीत, तर काही महागडी ध्वनियंत्रे पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. शिकण्यास वेळ द्यावा लागतो. मुद्रणाच्या आदल्या दिवशी तर प्रणालीचे कोणतेही अद्ययावतीकरण करू नये. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उपयोगी पडतो. लिनक्स व ऑडॅसिटी यांसारख्या मुक्त साधनांचे धडे तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात.

काय मुद्रित करावे?

साधन शुद्ध असले, तरी गीताचाही हक्क पाहावा लागतो. धार्मिक विधीत गीत गाण्यास कायद्याने सूट आहे. तेच गीत मुद्रित करून इंटरनेटवर वितरित करण्यास ती सूट लागू होत नाही. त्यासाठी कवी व संगीतकाराची अनुमती घ्यावी. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्दांवरील हक्क संपतो. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांची पदे आज सर्वांची आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रथम छापले गेलेले ख्रिस्तपुराणही तसेच. मात्र त्यांना कोणी नवी चाल लावली असेल, तर त्या चालीचा हक्क वेगळा असतो.

आपल्या परिसराला गाण्याचे वैभव काही कमी नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच भूमीच्या नावाने ओळखले जातात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत आपला धर्मप्रांत विखुरलेला आहे. घाटमाथ्यावरच्या भजनाची चाल कोकणातल्या धर्मग्रामाला ऐकविता आली आणि वडीलधाऱ्यांच्या कंठात असलेल्या जुन्या चाली त्यांच्याच आवाजात जपता आल्या, तर हे सर्व श्रम सार्थकी लागतील. लिहून न ठेवलेली चाल गाणाऱ्याबरोबर जाते, हे विसरता कामा नये.

एक विनंती मात्र आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या घटनेत भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. त्यामुळे घरी केलेले ध्वनिमुद्रण मिस्साबलिदानात गाणाऱ्यांची जागा घेऊ शकत नाही. ते गायनवृंदाच्या सरावासाठी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या सांत्वनासाठी आणि कामानिमित्त दूर गेलेल्या मुलाबाळांसाठी असावे. ज्या घरी जुना संगणक पडून आहे व ज्या घरी आजी अजून गाते, त्या घरातील तरुणांनी या कामास आरंभ करावा, अशी आमची प्रेमाची सूचना आहे. प्रभू आपल्या कंठांना व हातांना आशीर्वाद देवो.