काश्मीरचे अंबरी सफरचंद

मंडळी, सफरचंद आपल्या ओळखीचे फळ आहे. काश्मीरहून येणारी पुष्कळशी लाल सफरचंदे ‘डेलिशस’ जातीची असतात. ही जात मूळची अमेरिकेतली. पण काश्मीरचे स्वतःचे एक जुने सफरचंद आहे. त्याचे नाव अंबरी. शोपियानचा भाग त्यासाठी नावाजलेला आहे.

अंबरी कसे ओळखावे? फळ मध्यम, जरा उंचट. साल हिरवट पिवळी, तिच्यावर लाल छटा आणि रेघा. आतला गर पांढरा, कुरकुरीत आणि गोड. वास तर असा, की खोलीत फळे ठेवली की दारातच कळावे!

हे फळ उशिरा, आश्विनाच्या सुमारास तयार होते. त्याचा मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. पूर्वी शीतगृहे नव्हती. तेव्हाही गार खोलीत ठेवलेले अंबरी हिवाळाभर टिके.

मग ते कमी का झाले? अंबरीचे झाड फळावर यायला फार वर्षे लागतात. एका वर्षी भरपूर फळ येते, तर दुसऱ्या वर्षी थोडे. डेलिशस लवकर फळते, दिसायला लालभडक असते. गिऱ्हाईक रंगाला भुलते. शेतकऱ्यालाही घर चालवायचे असते. त्याने डेलिशस लावले, यात त्याचा काय दोष?

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अंबरीचे बी पेरले, तर अंबरी उगवत नाही. हापूसच्या कोयीतून तसाच हापूस येत नाही ना? तसेच हे. अंबरीची काडी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. म्हणजे कलम करावे लागते. ती काडी जिवंत झाडाचीच हवी. शेवटचे झाड तुटले, की जात संपली. मग पैसे मोजूनही ती परत मिळायची नाही.

काश्मीरच्या संशोधकांनी अंबरी आणि डेलिशस यांचा संकर करून ‘लाल अंबरी’ ही नवी जात काढली. पण अंबरीची झाडे उरली होती, म्हणूनच हे जमले, बरं का!

तुमच्या बांधावरही आजोबांनी लावलेला एखादा गोड आंबा असेल. झाड म्हातारे झाले असेल. त्यावर कुऱ्हाड घालण्याआधी त्याची दोन कलमे बांधून घ्या. झाड जाईल, पण जात राहील.