किरण नेमका कोठे पडतो?

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना कर्करोगावरील किरणोपचारासाठी नागपूर किंवा सेवाग्रामची वाट धरावी लागते. लोकभाषेत या उपचाराला 'शेक' म्हणतात. प्रत्यक्षात रुग्णाला त्यात ऊब जाणवत नाही. किरणोपचाराची नवी रीत माणसापर्यंत येण्यापूर्वी पुष्कळदा उंदरांवर पडताळली जाते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत कर्करोग-संशोधनासाठी प्राणिगृह आहे. हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "त्या मुक्या जिवाला त्रास कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तराचा एक भाग नेमाच्या अचूकतेत आहे. तो येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, तर उंदराचा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. माणसाच्या गाठीभोवती काही मिलिमीटरची कड धरून किरण देता येतात. उंदराच्या डोक्यात तेवढी जागाच नसते. म्हणून तेथे किरणशलाका एखाद्या मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक असते. एक मिलिमीटरची गोल शलाका तेवढ्याच गाठीवरून अर्धा मिलिमीटर सरकली, तर गाठीचा निम्म्याहून अधिक भाग सुटतो आणि निरोगी पेशी भाजतात. मग गुणकारी उपचार निरुपयोगी ठरतो, किंवा निष्कर्ष विखुरल्यामुळे तोच प्रयोग आणखी जिवांवर करावा लागतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉन वाँग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लहान प्राण्यांसाठीच्या अशा एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या उंदराची सीटी प्रतिमा त्याच यंत्रावर घ्यावयाची, तीवर लक्ष्य ठरवावयाचे आणि लगेच किरण सोडावयाचे, अशी त्याची रीत आहे.

मात्र प्रतिमा स्पष्ट आली म्हणजे नेम साधला, असे नव्हे. प्रतिमेचा मध्य आणि किरणांचा मध्य आपोआप जुळत नाहीत. किरणनलिकेच्या वजनाने तिचा बाहू किंचित झुकतो, मंच फिरताना तसूभर सरकतो. शिवाय भूल दिलेला प्राणी श्वास घेतच असतो. यासाठी आधी एक साधी परीक्षा घेतात. पोलादाची बारीक गोळी प्रतिमेत पाहून मध्यावर बसवितात आणि निरनिराळ्या दिशांनी तिच्यावर किरण सोडतात. गोळीची सावली किरणांच्या ठशात मधोमध पडली नाही, तर जेवढी ती बाजूला पडली तेवढी चूक. त्याहून कसोटीची परीक्षा पुतळ्याची. उंदराच्या आकाराच्या पुतळ्यात किरणांनी काळवंडणारी फिल्म ठेवून प्रतिमेपासून किरणांपर्यंतचा सर्व विधी पार पाडतात. योजलेली जागा आणि फिल्मवरचा डाग यांतील अंतर मिलिमीटरच्या दशांशांत मोजले जाते. आमच्या मते हीच परीक्षा अधिक प्रामाणिक, कारण सर्व टप्प्यांच्या चुका तिच्यात एकत्र उतरतात.

आपल्या देशात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात. परंतु फिल्मवरचा डाग कायद्याला दिसत नाही. तो प्रयोगशाळेनेच पाहावयाचा असतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर पडला, तर आधी यंत्र दुरुस्त करावयाचे. तोवर एकही उंदीर मंचावर घ्यावयाचा नाही.