सरासरी अर्धा वॉट, माथ्यावर चाळीस

घरी गाणं ऐकताना स्पीकरला सरासरी किती वॉट लागतात? बहुतेक वेळा एकसुद्धा नाही. मग ५० वॉटचा ॲम्प्लिफायर कशाला? हिशोब करूनच बघू.

समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही २ मीटरवर बसलात की ६ डेसिबल गेले. स्पीकर दोन, म्हणून साधारण ३ परत आले. राहिले ८४. (भिंतींमुळे खोलीत आवाज थोडा जास्त भरतो, ते सोडून देऊ.) सरासरी ८० डेसिबलवर ऐकायचं तर प्रत्येक स्पीकरला ०.४ वॉट पुरतो.

पण संगीत सरासरीवर चालत नाही. तानपुरा संथ वाजत असतो आणि मधेच पखवाजावर सणसणीत थाप पडते. फारसं दाबलेलं नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये असे माथे सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात. २० डेसिबल म्हणजे पॉवर १०० पट! ०.४ चे थेट ४० वॉट, तेही काही मिलिसेकंदांपुरते. (काटेकोर मंडळींसाठी: ॲम्प्लिफायरचे वॉट साइन लाटेवर मोजतात आणि साइनच्या माथ्यावर क्षणिक पॉवर सरासरीच्या दुप्पट असते. म्हणून २० वॉटचा काठावर पास होईल. मी तरी काठावरचा घेणार नाही.)

ॲम्प्लिफायर कमी पडला तर? त्याचं व्होल्टेज पॉवर सप्लायच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे लाटेचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. थाप बोथट वाटते. आपण व्हॉल्यूम आणखी वाढवतो. माथे तिथेच अडकतात, पण खालचा सगळा सिग्नल वाढतच राहतो. सरासरी पॉवर चढते आणि नाजूक ट्वीटर तापून जळू शकतो. म्हणजे लहान ॲम्प्लिफायरनेही स्पीकर जातो.

आता ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. तेवढेच ९० डेसिबलचा स्पीकर घेऊनही मिळतात. फक्त आकडा कशावर मोजलाय ते बघा: २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट, पण ४ ओहमला २. खोक्यावरचं पीएमपीओ तर वाचूच नका.

स्वतः तपासायचंय? गाण्याची वेव्ह फाइल पायथनमध्ये उघडा, सर्वांत मोठ्या सँपलला आरएमएसने भागा, दहाच्या पायाचा लॉग घेऊन २० ने गुणा. आधी ख्याल घ्या, मग एखादं नवं फिल्मी गाणं.