उद्योगनगरीतील गोल्फचे धडे : होलपासून मागे

पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखाने आणि भोसरीच्या तालमी डोळ्यांसमोर येतात. खेळांची या नगरीला वाण नाही. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानाने येथे हॉकी रुजविली. कुस्ती आणि कबड्डी तर गावोगावच्या रक्तातच आहेत. गोल्फ मात्र 'साहेबांचा खेळ' म्हणून दूर राहिला. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ या पट्ट्यात परदेशी अभियंते व व्यवस्थापक आले आणि गोल्फविषयीचे कुतूहलही वाढले. हे कुतूहल नियमित प्रशिक्षणात कसे उतरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

पहिली अडचण जागेची. अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जमीन लागते. पुणे परिसरात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान आणि बावधन-लवळे भागातील ऑक्सफर्डचे मैदान आहे. काही मैदाने लष्कराच्या ताब्यात आहेत. खेळाची ओळख व्हायला मात्र संपूर्ण मैदान लागत नाही. चेंडू टोलविण्याचा सराव करण्यापुरती मोकळी पट्टी, म्हणजे 'ड्रायव्हिंग रेंज', आणि बारीक कापलेल्या हिरवळीचा लहानसा तुकडा एवढ्यावर पहिले काही महिने सहज निघतात.

शिकविण्याचा क्रम

नवख्याला पहिल्याच दिवशी चेंडू लांबवर भिरकावून द्यायचा असतो. जाणता प्रशिक्षक त्याला उलट्या दिशेने नेतो. ७२ फटक्यांच्या 'पार' मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन 'पट' गृहीत धरलेले असतात. पट म्हणजे हिरवळीवरून होलकडे चेंडू हलकेच ढकलण्याचा फटका. अठरा होलचे असे ३६ फटके होतात. म्हणजे हिशेबातील निम्मे फटके हिरवळीवरचेच! म्हणूनच आधी पट, मग हिरवळीलगतचा छोटा फटका, त्यानंतर लोखंडी काठ्या आणि शेवटी लांब पल्ल्याचा 'ड्रायव्हर', असा क्रम हिताचा ठरतो. लहान हालचाल अंगवळणी पडली की मोठी सोपी जाते आणि कंबरेवर अवेळी ताणही पडत नाही.

मोजमापाने बदललेली शिकवण

यंत्र आणि मोजमापे यांत वावरणाऱ्या येथील वाचकांना एक बदल विशेष रुचावा. चेंडू काठी फिरण्याच्या दिशेने निघतो आणि काठीच्या पात्याच्या कोनामुळे पुढे वळतो, असे वर्षानुवर्षे शिकविले गेले. रडारवर चालणाऱ्या मोजणी यंत्रांनी हा समज खोडून काढला. चेंडूची सुरुवातीची दिशा प्रामुख्याने आघाताच्या क्षणी पाते कोणीकडे तोंड करून आहे यावर ठरते. पाते आणि काठीचा मार्ग यांतील फरकामुळे तो हवेत वळतो. निदान चुकले तर उपायही चुकतो. त्यामुळे प्रशिक्षकाने आपले जुने ज्ञान वेळोवेळी तपासून घेणे अगत्याचे आहे.

एकाच वर्गात सर्व पातळ्या

बालके, प्रौढ नवशिके, हौशी खेळाडू आणि स्पर्धक यांना एकाच साच्यात बसविता येत नाही. मुलांना खेळातून तोल व लय शिकवावी. पाळीत काम करणाऱ्यांसाठी सकाळ-संध्याकाळच्या अदलत्याबदलत्या वेळा ठेवाव्यात. स्पर्धकाकडून प्रत्येक फेरीची नोंदवही लिहून घ्यावी. या सर्वांना एकत्र खेळविणारी सोय खेळातच आहे : 'हँडिकॅप'. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून त्याचा अंक ठरतो आणि तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो. समजा, त्या मैदानावर ३० फटक्यांची सवलत मिळणाऱ्या कामगाराने १०० फटके घेतले आणि १० ची सवलत असलेल्या व्यवस्थापकाने ८४. सवलत वजा केल्यावर कामगाराचे ७०, तर व्यवस्थापकाचे ७४ उरतात. सामना कामगाराने जिंकला! एवढी समता फार थोड्या खेळांत आढळते.

दार कोणासाठी उघडणार?

गोल्फमधील गुणवत्ता श्रीमंतांच्या घरीच जन्मते, हा समज इतिहासाला धरून नाही. कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र एस. एस. पी. चौरासिया यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. अली शेर व चौरासिया यांच्या बाबतीत संधी मिळाली ती मैदानाशी रोजचा संबंध होता म्हणून. चाकण वा भोसरीच्या मुलाला तसा संबंध आपोआप मिळणार नाही. तो जाणीवपूर्वक निर्माण करावा लागेल.

दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सराय येथे सर्वांसाठी खुले मैदान उभारून एक वाट दाखविली आहे. उद्योगनगरीत तेवढी जमीन मिळणे अवघड असले, तरी एक सराव पट्टी, वापरायला मिळणाऱ्या सामाईक काठ्या, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक आणि शाळांसाठी राखीव तास एवढी सुरुवात महापालिका व कारखान्यांना एकत्रितपणे करता येण्याजोगी आहे. तालमीत वस्ताद आलेल्या पोराचे घराणे विचारत नाही, त्याची पकड पाहतो. गोल्फच्या प्रशिक्षकानेही तेवढेच पाहिले, तर 'साहेबांचा खेळ' हे बिरूद गळून पडायला वेळ लागणार नाही.